प्रार्थनेनंतरची पंधरा मिनिटं

7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, भोंगे वाजले, टीव्हीवर दोन दिवस चर्चा रंगल्या. तेव्हापासून आमच्या बेळगाव-निपाणी-खानापूर भागात शाळांमधल्या आपत्कालीन तयारीचा विषय अधूनमधून निघतो आणि दरवेळी भलतीकडेच जातो. सध्या निमित्त आहे मिशनच्या शाळांचं. सूचना साधी होती. सहावी ते आठवीच्या मुलांकडून दर आठवड्याला, प्रार्थनासभेला जोडून, पंधरा मिनिटं सराव करून घ्यावा. आग, पूर, चेंगराचेंगरी, अचानक शाळा सोडावी लागणं, अशा प्रसंगांचा. पालकसभेत ती मांडली गेली आणि लगेच तीन तट पडले. एक गट म्हणाला, ख्रिस्ती शाळेत प्रार्थनेला वेळ आहे ना, मग तोच कापा. दुसरा म्हणाला, प्रार्थनेला हात लावाल तर खबरदार, तो अल्पसंख्याक संस्थेचा हक्क आहे. तिसऱ्याने विचारलं, सूचना कन्नडमध्ये देणार की मराठीत? झालं. सभा उठेपर्यंत जिन्याखालच्या ग्रिलच्या दाराला दिवसभर कुलूप का असतं आणि त्याची किल्ली कुणाच्या खिशात असते, हे कुणीही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सराव दर आठवड्यालाच हवा, प्रार्थनासभेला जोडूनच हवा, आणि त्याची निम्मी जबाबदारी सातवी-आठवीच्या मुलामुलींवर टाकायला हवी. वर्षातून एकदा अग्निशमन दलाची लाल गाडी पटांगणात आणून, पाण्याचे फवारे उडवून, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देऊन जे होतं त्याला मी तयारी म्हणत नाही. तो कार्यक्रम आहे. मुलांना तो आवडतो, फोटो छान येतात, पण दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाला विचारा की तुमच्या वर्गातून बाहेर पडायची दुसरी वाट कुठली. ते तोंडाकडे बघत राहील.

संकटात माणूस विचार करून वागत नाही, सवयीने वागतो. झोपेतून उठवून सतरा साती किती विचारलं तरी जुनी माणसं एकशे एकोणीस सांगतात, कारण तो पाढा त्यांनी रोज घोकलेला असतो. वर्षातून एकदा सोहळा करून पाढे पाठ झाले असते तर बिचाऱ्या मास्तरांना छडी हातात घ्यावी लागली नसती. धुराने भरलेल्या जिन्यात बारा वर्षांच्या पोराला आठवेल ते फक्त शंभरदा केलेलं. आणि शंभरदा करायचं तर ते आठवड्याच्या रहाटगाडग्यातच बसवावं लागतं, कंटाळा येईल इतकं नेहमीचं व्हावं लागतं.

इथेच मिशन शाळांचा मुद्दा येतो. आमच्या भागात या शाळा काल-परवाच्या नाहीत. बेळगावच्या बेननस्मिथ शाळेची मुळं लंडन मिशनच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जातात. सेंट पॉल्स 1856 चं. या शाळांनी बेळगावला इंग्रजी दिली की नाही हा वाद चालू दे, पण एक गोष्ट त्यांनी नक्की दिली, ती म्हणजे आठवड्याची घडी. सोमवारची असेंब्ली, ठरलेल्या दिवशीचं चॅपल, कॅथलिक मुलांना कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण आणि त्याच वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स, शनिवारी अर्धी शाळा आणि पीटी, डायरीत चिकटवलेली आठवड्याची नोटीस, रांगेच्या पुढे उभा राहणारा मॉनिटर, लाल-निळी-हिरवी-पिवळी हाऊस आणि त्यांचे कॅप्टन. पाचशे मुलं रोज सकाळी घंटेच्या एका ठोक्यावर रांगेत उभी राहतात आणि रांगेनेच परत वर्गात जातात. आपत्ती व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तकं ज्याला बाहेर काढणं, एकत्र जमवणं आणि मोजणं म्हणतात, ते हेच. यंत्रणा तयार आहे, फक्त तिला रोजचीच वाट ठाऊक आहे. ती वाट बंद झाली तर काय, हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

शिस्त असली म्हणजे सुरक्षितता आपोआप येते, अशी समजूत या शाळांच्या बाबतीत फार दृढ आहे. फादर-सिस्टर आहेत, शाळा कडक आहे, मग काळजी कसली? या समजुतीची किंमत शिकागोतल्या एका कॅथलिक शाळेने मोजली आहे. 1 डिसेंबर 1958 रोजी ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेत शाळा सुटायच्या थोडं आधी तळघराच्या जिन्यापाशी आग लागली. 92 मुलं आणि 3 नन गेल्या. शाळा शिस्तीत कुठेही कमी नव्हती. दुसऱ्या मजल्यावरचा पॅसेज धुराने भरला तेव्हा काही वर्गांत मुलांना बाकावर बसून प्रार्थना करायला सांगितलं गेलं, आणि मुलांनी ऐकलं. शाळेची धोक्याची घंटा अग्निशमन दलाशी जोडलेलीच नव्हती. सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे त्याच ऑक्टोबरमध्ये शाळेची तपासणी होऊन ती पास झाली होती. इमारत जुनी म्हणून नवे नियम तिला लागू नव्हते. आपल्याकडच्या दगडी, लाकडी जिन्याच्या, ब्रिटिश काळातल्या देखण्या इमारती आठवा आणि मग हा शेवटचा तपशील पुन्हा वाचा.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यातले काही खरोखर वजनदार आहेत आणि ते उडवून लावणारे माझ्या बाजूचे लोक मला आवडत नाहीत.

पहिला भीतीचा. दर आठवड्याला आग-पूर-धोका असं कानावर पडलं तर मुलं घाबरट होतील, हे आयांचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेत, विशेषतः 1999 च्या कोलंबाइनच्या गोळीबारानंतर, शाळांमध्ये लॉकडाऊन ड्रिल सुरू झाल्या. दिवे मालवून, दार लावून, मुलं बाकांखाली चिडीचूप. तिथल्या ख्रिस्ती मिडल स्कूलच्या आठवड्याच्या पत्रकात केक विक्री, बास्केटबॉलची मॅच आणि लॉकडाऊनचा सराव एकाखाली एक छापलेला असतो. अशा सरावांनी, त्यातही खोट्या गोळ्यांचे आवाज काढून केलेल्या सरावांनी, मुलांच्या मनावर काय होतं यावर तिथेच मोठा वाद चालू आहे. तो नमुना इथे उचलून आणायला माझा ठाम विरोध आहे. आमच्या मुलांना बंदूकधाऱ्याची भीती घालायचं काहीच कारण नाही.

आमची संकटं वेगळी आहेत, आणि ती मुलांना ठाऊकच आहेत. वेदगंगा-दूधगंगा चढली की यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जातो. 2019 च्या ऑगस्टमध्ये गेला, 2021 च्या जुलैत पुन्हा गेला. घटप्रभेने गोकाकमध्ये, मलप्रभेने रामदुर्गकडे काय केलं ते 2019 साली सगळ्यांनी पाहिलं. शाळांच्या भिंती पडल्या, आणि ज्या शाळा उभ्या राहिल्या त्यांत काळजी केंद्रं, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावण्या, उघडल्या. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला किंवा कुठल्याही बंदला बसवर दगड पडतो, बससेवा अर्ध्या दिवसात थांबते आणि कागल-कोल्हापूरकडची मुलं अडकतात. वडावरचं आग्या मोहोळ उठतं. डिसेंबरात नाताळ आणि गॅदरिंग एकाच सुमारास येतं, पटांगणात कापडी मांडव उभा राहतो, त्याच्या कडेने वायरी जातात आणि बाहेर पडायला एकच कमान. 23 डिसेंबर 1995 ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या बक्षीस समारंभाच्या अशाच मांडवात 400 हून अधिक माणसं गेली, त्यात मुलं फार होती. यातलं काय मुलांपासून लपवून ठेवायचं? ती पुराचे व्हिडिओ मोबाईलवर आपल्या आधी बघतात. भीती त्यांच्याकडे आहेच. हातात काम नाही, एवढंच. ज्याला ‘पाणी वाढलं तर तू तुझ्या हाऊसच्या पाचवीतल्या चार मुलांना घेऊन वरच्या हॉलमध्ये जायचंस’ असं सांगितलं आहे, त्या मुलाची भीती कमी होते. नुसतं ‘सावध राहा’ सांगितलेल्या मुलाची वाढते.

भीतीचा मुद्दा दुसऱ्या बाजूनेही तपासता येतो. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडच्या शिपायांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, रोग्यांना ओढून नेलं. विलगीकरण शास्त्राला धरून होतं. रीत माणसाला धरून नव्हती, म्हणून लोक रोगापेक्षा सरकारला जास्त भ्याले आणि रोगी लपवू लागले. त्याच साली, त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले ससाणे मळ्यात आपला मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात रोगी नेत होत्या, आणि लोक त्यांच्या हाती माणसं सोपवत होते. त्यातच प्लेग होऊन 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. एकच साथ, एकच उपाय, पण वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक. मुलांना गणवेशातल्या अनोळखी माणसाने भोंगा वाजवून पळवलं तर ती घाबरणारच. त्यांच्याच वर्गशिक्षिकेने, त्यांच्याच घंटेवर, दर शुक्रवारी तेच करून घेतलं तर ती हसतखिदळत करतील. हसू द्यात. हसत शिकलेलं विसरत नाही.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे: सरावाने खोटा आत्मविश्वास येतो. घोकलेली वाट खऱ्या वेळी बंद असेल तर घोकणाराच फसेल. हे मला मान्य करावं लागतं, कारण याचा पुरावा जपानमध्ये आहे. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत ओकावा प्राथमिक शाळेतली 74 मुलं आणि 10 शिक्षक गेले. भूकंपानंतर मुलं पटांगणात शिस्तीत जमली होती, हजेरी झाली होती. मग कुठे जायचं यावर शिक्षकांची चर्चा जवळजवळ पन्नास मिनिटं चालली. मागे टेकडी होती. शाळेच्या नियमपुस्तकात त्सुनामी आली तर ‘जवळची मोकळी जागा किंवा बाग’ असं मोघम लिहिलेलं होतं. पालक कोर्टात गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि 2019 मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला: चूक त्या दिवसाची तर होतीच, पण त्याआधीच्या तयारीचीही होती.

पण त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर कामाइशी शहरात उलट घडलं. तिथे गुन्मा विद्यापीठाचे तोशिताका कातादा काही वर्षं शाळांमधून सराव घेत होते, आणि त्यांची शिकवण विचित्र वाटेल अशी होती: नकाशावर फार विश्वास ठेवू नका, आणि तुम्ही आधी पळा म्हणजे बाकीचे पळतील. भूकंप थांबताच कामाइशी-हिगाशी मिडल स्कूलची मुलं हाका मारत टेकडीकडे धावली. शेजारच्या उनोसुमाई प्राथमिक शाळेतली मुलं वरच्या मजल्यावर जमत होती. मोठी मुलं पळताना दिसली तशी तीही निघाली, आणि मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, म्हणून ती तिथे न थांबता आणखी वर गेली. पहिली ठरलेली जागा पुढे पाण्याखाली गेली. शहरातली शाळकरी मुलं जवळजवळ 3000; शाळेत असलेली बहुतेक सगळी वाचली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की खोट्या आत्मविश्वासाच्या आक्षेपाचं काय उरतं? एवढंच उरतं की वाईट सराव वाईट असतो. ठरलेली वाट घोकायची ती मोडता येण्यासाठी. म्हणून दर आठवड्याच्या पंधरा मिनिटांत काहीतरी बदललेलं हवं. एकदा मुख्य जिना बंद. एकदा वर्गशिक्षिका गैरहजर. एकदा मधल्या सुट्टीत, सगळी पोरं डबे उघडून बसलेली असताना. एकदा धो-धो पावसात, पटांगण चिखल झालेलं असताना. आणि म्हणूनच सहावी ते आठवी. बारा ते चौदा वर्षांचं मूल पाचवीतल्या मुलाचा हात धरण्याइतकं मोठं असतं आणि मोठ्यांनी सांगितलेलं मनापासून करण्याइतकं लहानही. नववीत गेलं की त्याला सगळ्याची लाज वाटू लागते.

असा एक सराव मी आमच्याच भागातल्या एका मिशन शाळेत जवळून पाहिला. शाळेचं नाव सांगत नाही. त्यांनी निदान करून तरी पाहिलं. घंटा वाजली, वर्ग झपाझप उतरले, रांगा लागल्या. दोन-अडीच मिनिटांत पटांगण भरलं आणि मुख्याध्यापिका सिस्टर घड्याळाकडे बघून खूश झाल्या. मग मोजणी. सातवी ‘ब’ मध्ये एक कमी. पुन्हा मोजलं, तरी एक कमी. हजेरीपट वर टेबलावर राहिला होता, त्यामुळे कोण कमी तेच कळेना. मॉनिटरने नावं आठवून आठवून सांगितली तेव्हा लक्षात आलं की एका मुलाला सरांनी खडू आणायला ऑफिसात पाठवलं होतं. तो कुठे होता? ऑफिसच्या बाजूच्या जिन्यातून खाली आला आणि तळाच्या ग्रिलला कुलूप बघून तिथेच पायरीवर बसून राहिला. ‘किल्ली शिपाईमामांकडे आहे,’ तो शांतपणे म्हणाला, ‘मामा पोस्टात गेल्यात.’ आग असती तर त्या शांतपणाचं काय झालं असतं याचा विचार त्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मनात केला असेल. ग्रिलचं कुलूप चोरांसाठी होतं, आणि ते शाळा भरल्यावर काढायचं असतं हे कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून आठवीच्या दोन मुली सकाळी प्रार्थनेआधी ते दार उघडं आहे की नाही ते बघू लागल्या आणि हजेरीपट दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला जाऊ लागला. खर्च शून्य. वर्षातून एकदाच्या लाल गाडीच्या कार्यक्रमात हे कुलूप कधी सापडलं असतं? त्या दिवशी तर शाळा सजवलेली असते, सगळी दारं उघडी असतात.

प्रार्थनेच्या वादाकडे वळतो. तो मला मुळातच चुकीच्या जागी लढला जातोय असं वाटतं. प्रार्थना कापा म्हणणाऱ्यांना सराव हवा आहे की प्रार्थना नको आहे, हे त्यांनी एकदा स्वतःलाच विचारावं. ज्यांना आपलं मूल ख्रिस्ती प्रार्थनेला बसवायचं नाही त्यांच्यासाठी संविधानाच्या 28 व्या कलमातच सोय आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला बसायला लावता येत नाही. तो हक्क वापरा, त्यासाठी आगीच्या सरावाच्या आड लपू नका. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंनी नगरला मिस फरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे धडे घेतले. दोघांनीही मिशनऱ्यांकडून घ्यायचं ते घेतलं आणि आपल्या वाटेने गेले. आपल्या सातवीतल्या पोराच्या श्रद्धेला पंधरा मिनिटांच्या भक्तिगीताने तडा जाईल असं ज्यांना वाटतं, त्यांचा स्वतःच्या घरातल्या संस्कारांवर विश्वास इतका कमी का?

आणि प्रार्थनेला हात लावू नका म्हणणाऱ्या फादर-पास्टरांना त्यांच्याच बायबलमधलं सांगतो. यरुशलेमची पडलेली भिंत बांधताना शत्रू चालून येतोय हे कळल्यावर नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि त्याच वेळी रात्रंदिवस पहारा बसवला. दोन्ही एकाच वाक्यात येतं. वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यात तर पाच जणींना दार बंद मिळालं ते दिव्यांसाठी जादा तेल न घेतल्यामुळे. मग प्रार्थनासभेला लागून सराव ठेवला तर पावित्र्याला कुठे बाधा येते? वेळ प्रार्थनेतून काढायचाही नाही. असेंब्लीत सूचना, वाढदिवस, आजचा सुविचार आणि कुणीतरी पाहुणे यांत जो वेळ जातो त्यातून पंधरा मिनिटं सहज निघतात. सुविचार फळ्यावर लिहा.

भाषेचं काय? सीमाभागात कुठलाही विषय निघाला की तो फिरून भाषेवरच येतो, आणि याला कारणं आहेत. 1956 पासूनची आहेत. मराठी मुलाला मराठीत सूचना मिळावी हा हक्कच आहे आणि भाषिक अल्पसंख्याकांना दिलेली आश्वासनं सरकारने किती पाळली हा वेगळा, कडवट विषय आहे. मी तो सोडून द्या म्हणत नाही. पण मिशन शाळेच्या एका बाकावर खानापूरकडचा मराठी, गोकाककडचा कन्नड, कॅम्पातला उर्दू बोलणारा आणि कोकणी बोलणारा असे चौघे दाटीवाटीने बसतात, आणि मधल्या सुट्टीत ‘काय करूलालास रे’ म्हणत चौघेही एकमेकांना कळेल असंच काहीतरी बोलतात. पहिला इशारा घंटेचाच हवा: ठरावीक ठोके म्हणजे बाहेर, वेगळे ठोके म्हणजे आत थांबा. वीज गेली तरी वाजणारी पितळी घंटा किंवा टांगलेला रुळाचा तुकडा. त्यानंतरच्या सूचना मुलांच्या आपापल्या भाषांत द्या, आणि त्या मुलांनीच द्याव्यात. सातवीतली मराठी मुलगी ओरडेल ते पाचवीतल्या मराठी मुलाला माईकवरच्या सरांपेक्षा आधी ऐकू येईल.

शिक्षकांवरचा भार खरा आहे. निवडणूक, जनगणना, परीक्षा, ऑनलाइन माहिती भरणं. त्यात आणखी एक. म्हणून तर काम मुलांकडे द्यायचं. प्रत्येक हाऊसकडे महिन्याची पाळी: अग्निशामकाच्या काट्याकडे बघणं, तो हिरव्यात आहे ना, जिन्यात जुनी बाकं रचली नाहीत ना, स्वयंपाकाच्या खोलीतला सिलिंडर दाराच्या वाटेत नाही ना, प्रथमोपचाराच्या पेटीत पट्टी आहे की नुसती गेल्या वर्षीची मलमाची ट्यूब. स्काउट-गाइड आणि ज्युनिअर रेडक्रॉसची मुलं असतातच. त्यांना 15 ऑगस्टच्या संचलनापलीकडे काही काम मिळालं तर त्यांनाही बरं वाटेल. मार्कांचं नुकसान होईल असं म्हणणाऱ्या पालकांना एवढंच विचारतो की आठवड्याला पंधरा मिनिटांनी घसरणारा टक्का मुळात किती भक्कम होता?

आठवड्याच्या त्या नोटिशीचा एक उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि त्यावर कुणीच बोलत नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली की नाही, यावरून दर जुलैत गोंधळ होतो. मागच्या वर्षीचं पत्र तारीख बदलून फिरतं, निम्मी मुलं शाळेत, निम्मी घरी. अशा वेळी पालक कुणावर विश्वास ठेवतात? ज्या कागदावर दर शुक्रवारी न चुकता पुढच्या आठवड्याचं सगळं येतं त्याच्यावर. मॅच, फी, चॅपल, शनिवारचा पीटीचा ड्रेस, आणि त्यातच एक ओळ: या आठवड्याचा सराव, मागचा जिना. पूर आला, बंद पुकारला, तर मुलाला कोण न्यायला येणार, आई-बाबांखेरीज कुणाची दोन नावं शाळेकडे आहेत, ऑटोवाल्या मामांचा नंबर तोच आहे का, हे त्याच कागदावर वर्षभर विचारत राहता येतं. बंदच्या दिवशी फाटकावर दीडशे पालक एकदम लोटतात आणि जो ओरडेल त्याच्या हाती मूल दिलं जातं, हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. त्या गर्दीत यादी करता येत नाही. ती जूनमध्ये करून ठेवावी लागते.

अल्पसंख्याक संस्था म्हणून आम्हाला सक्ती करता येत नाही, असं काही व्यवस्थापनं म्हणतात. त्यांची गफलत होतेय. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या, हे खरं. पण कुंभकोणममध्ये 16 जुलै 2004 ला शाळेच्या गवती छपराला आग लागून 94 मुलं गेल्यानंतर जी याचिका झाली, तिच्यावर 13 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल वेगळाच आहे. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हणून न्यायालयाने सरकारी आणि खासगी शाळांना अग्निशामक साधनं, इमारतीची तपासणी आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण बंधनकारक केलं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं 2016 पासून आहेत. धर्म आणि भाषा जपण्यासाठी मिळालेला हक्क कुलूपबंद जिना जपण्यासाठी वापरता येत नाही.

राहिला तो शेवटचा आणि मला सगळ्यात रास्त वाटणारा आक्षेप: मिशनच्या शाळांकडे घंटा आहे, पटांगण आहे, सिस्टर आहेत; खानापूर तालुक्यातल्या गळक्या खोलीतल्या, दोन शिक्षकांच्या सरकारी मराठी शाळेचं काय? तिथे छप्परच संकट आहे. या प्रश्नाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, ते सरकारनेच द्यायला हवं आणि त्यासाठी भांडायलाही हवं. पण मिशन शाळांतली आठवीची मुलं शनिवारी अर्ध्या शाळेनंतर शेजारच्या सरकारी शाळेत जाऊन पाचवी-सहावीच्या मुलांकडून हाच सराव करून घेऊ शकतात. त्याला निधी लागत नाही, गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवलं आणि दोन मुख्याध्यापकांनी एकमेकांशी बोलणं केलं की झालं. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या पंधरवडाभर आधी, पावसाच्या तोंडावर उघडतात. पहिली पालकसभा त्याच सुमारास असते. तिथे प्रार्थना आणि भाषा यांवर बोलायचं असेल तर जरूर बोला, पण त्याआधी मुख्याध्यापकांना घेऊन एकदा मागच्या जिन्याने खाली उतरून बघा.